डिझेल इंजिनातले ऑईल : निवड, बदलण्याची वेळ आणि झीज

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पंधरा ते वीस पटींनी दाबली जाते, त्या दाबानेच ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. आधुनिक ट्रकच्या इंजिनात जळणाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब २०० बारच्या आसपास जातो. हा दाब पिस्टन, पिस्टन पिन, कनेक्टिंग रॉड या वाटेने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवर येतो. तिथे धातूला धातूपासून वेगळे ठेवणारा ऑईलचा थर भार जास्त असताना जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा उरतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या थराच्या पातळपणाची कल्पना येईल.

ऑईलवरचा भार दाबापुरता नसतो. फवारलेल्या डिझेलच्या गाभ्याला हवा पुरेशी मिळत नाही, म्हणून थोडी काजळी प्रत्येक स्फोटात तयार होते. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे बाहेर पडते. उरलेली लायनरच्या भिंतीवरच्या ऑईलला चिकटते आणि रिंगांनी खरवडून खाली, इंजिनाच्या तळाच्या ऑईल चेंबरमध्ये येते. डिझेलमधले गंधक जळून तयार होणारे वायू वाफेशी संयोग पावून आम्ल बनवतात. न जळलेले इंधन, हवेबरोबर आत शिरलेली धूळ, झिजलेल्या धातूचे कण हे सगळेही त्याच चेंबरमध्ये जमा होते. वंगण पुरवणे हे ऑईलचे पहिले काम खरेच; पण डिझेल इंजिनात त्याचे आयुष्य ठरते ते दुसऱ्या कामावर. इंजिनाची घाण स्वतःत घ्यायची, ती विखुरलेली ठेवायची, तिच्यातले आम्ल मारायचे आणि शेवटी ती सगळी घेऊन नळाखालच्या डब्यात उतरायचे, हे ते काम. निवड, बदलण्याची मुदत आणि झीज या तिन्ही प्रश्नांचे धागे इथे एकत्र येतात. ऑईलमध्ये भर किती पडते आणि ती पेलण्याची त्याची ऐपत किती, या हिशेबावर या विषयातले जवळपास सगळे निर्णय होतात.

झीज म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून ऑईल बाहेर येऊ लागले, म्हणून तिथे लाकडी बूच ठोकले, तर आतल्या ऑईलने ते बाहेर ढकलले. फिरणारा शाफ्ट ऑईलला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथे निर्माण झालेल्या दाबावर स्वतः तरंगतो, हे त्यातून उघड झाले. त्यामागचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. आजचे प्रत्येक मेन बेअरिंग याच तत्त्वावर चालते. ऑईल पंपाचे काम फटीपर्यंत ऑईल पोहोचवण्याचे. भार उचलणारा दाब शाफ्ट स्वतःच्या फिरण्यातून तयार करतो. म्हणूनच नीट चाललेल्या इंजिनाची बेअरिंगे लाखो किलोमीटरनंतरही नव्यासारखी निघू शकतात.

हा तरंगता थर सगळीकडे टिकत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो आणि दिशा बदलतो, तिथे वेग शून्य होतो, दाब आणि तापमान मात्र सर्वाधिक असते. लायनर नेहमी तिथेच जास्त झिजतो. इंजिन खोलल्यावर वरच्या रिंगेच्या जागी नखाला लागणारी पायरी कोणत्याही मिस्त्रीला परिचयाची असते. कॅम आणि टॅपेट यांच्या स्पर्शरेषेवरही थर तुटतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात सुरुवातीचे काही सेकंद तसेच कोरडे जातात. अशा ठिकाणी ऑईलच्या जाडीचा उपयोग संपतो आणि त्यातल्या रसायनांचा सुरू होतो. झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, कारखान्यांच्या बोलीत झेडडीडीपी, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. घर्षणाच्या जागी उष्णता आणि दाब मिळाला की ते फुटते आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा कठीण लेप चढवते. त्याची जाडी एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. घासला जातो तो हा लेप. धातू वाचतो आणि ऑईलमधला झेडडीडीपी लेप पुन्हा भरून काढतो. १९४० च्या दशकात हे रसायन ऑईलमध्ये येऊ लागले ते ऑईलचे विटणे आणि बेअरिंगांचे गंजणे रोखण्यासाठी. झीज अडवण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला, आणि इतक्या वर्षांत त्याला पूर्ण पर्याय मिळालेला नाही.

मात्र रसायन चांगले म्हणून ते सगळीकडे चालते असे नाही. अमेरिकेतल्या ईएमडी कंपनीच्या रेल्वे इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगांवर चांदीचा थर असतो आणि झेडडीडीपी चांदीला खाते. त्यामुळे त्या इंजिनांसाठी जस्तविरहित ऑईल वेगळे बनवावे लागते. भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीजी-४ ही मालगाडीची इंजिने याच घराण्यातली. ट्रकसाठी उत्तम ठरलेले ऑईल अशा इंजिनात घातले तर त्याचा सर्वांत मोठा गुणच घातक ठरतो. इंजिन उत्पादकाने पुस्तिकेत दिलेला दर्जा पाळायचा तो एवढ्यासाठी. त्या एका ओळीमागे बेअरिंगचा धातू, रिंगांचा मुलामा, फिल्टरची जात आणि शेकडो तासांच्या चाचण्या असतात.

ऑईलने सफाईही करावी ही अपेक्षा तुलनेने नवी आहे. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या खाचांमध्ये कार्बन साचून रिंगा जाम होत. तोवर ऑईल म्हणजे शुद्ध केलेले खनिज तेल एवढाच अर्थ होता. त्या दशकाच्या मध्याला स्टँडर्ड ऑईल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीने धातूचा साबण म्हणावा असे संयुग मिसळून रिंगा मोकळ्या ठेवणारे ऑईल तयार केले; डेलो हे त्याचे नाव पुढे प्रसिद्ध झाले. आजच्या डिझेल ऑईलमधले डिटर्जंट त्याच परंपरेतले. त्यांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते आम्लाला जागेवरच निष्प्रभ करतात. त्यांच्या जोडीला डिस्पर्संट असतात. काजळीच्या कणाला वेढून त्याला दुसऱ्या कणापासून दूर ठेवणे हे त्यांचे काम. काजळीचा सुटा कण मायक्रॉनच्या काही शतांशांएवढा, म्हणजे बेअरिंगच्या थरातून सहज निसटणारा असतो. डिस्पर्संट थकले की असे कण एकत्र येऊन गोळे बनतात, ऑईल दाट होते, फिल्टर तुंबतो आणि तेच गोळे कॅमवरचा झेडडीडीपीचा लेप खरवडून काढतात.

डिझेल इंजिनातले ऑईल काळे का होते, याचे उत्तर इथेच आहे. बदलल्यानंतर काही तासांत, जुन्या इंजिनात तर अर्ध्या तासात, गेजवरचे ऑईल काळे दिसू लागते. त्यावरून ऑईल वाया गेले असे समजून मुदतीआधी ते काढून टाकणारे अनेक आहेत. काजळी ऑईलमध्ये आली याचा अर्थ ती पिस्टनच्या खाचांत बसलेली नाही, एवढाच. बोटांत घेऊन चोळून पाहण्याच्या सवयीचेही तसेच. गरम ऑईल पातळ लागते, गार ऑईल दाट लागते आणि आम्ल मारण्याची ताकद किती उरली हे बोटाला कळत नाही. त्यापेक्षा गाळणीच्या कागदावर एक थेंब टाकून तो कागद काही तास आडवा ठेवणे अधिक सांगून जाते. डिस्पर्संट शाबूत असेल तर काळेपणा मध्यापासून कडेपर्यंत सारखा विरत जातो. ते संपले असतील तर मधोमध घट्ट, काठ स्पष्ट असलेला काळा ठिपका राहतो आणि भोवती फिकट तेलकट कडे उमटते. थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाकला आणि तडतडला तर त्यात पाणी आहे. या चाचण्या ढोबळ आहेत, पण रंगावरून केलेल्या तर्कापेक्षा कितीतरी भरवशाच्या आहेत.

निवडीत पहिला प्रश्न दाटपणाचा येतो. एसएई १५डब्ल्यू-४० या आकड्यांत डब्ल्यू म्हणजे हिवाळा. १५डब्ल्यू हा दर्जा मिळण्यासाठी ऑईलची उणे २० अंश सेल्सियसला इंजिन फिरवण्यातला अडथळा आणि उणे २५ अंशांना पंपातून वाहण्याची क्षमता तपासली जाते. ४० हा आकडा १०० अंशांना मोजलेल्या दाटपणाचा. त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या पट्ट्यात बसणारे ऑईल ४० चे, ९.३ ते १२.५ मधले ३० चे. थंडीच्या लाटेत निफाडला पारा पाच अंशांखाली जातो, त्यापलीकडे महाराष्ट्रात थंडी जात नाही. तेव्हा डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याचे महत्त्व लडाखमध्ये जेवढे, तेवढे इथे नाही. तरीही ते शून्य नाही. पहाटेच्या गारव्यात १५डब्ल्यूचे ऑईल २०डब्ल्यूच्या ऑईलपेक्षा लवकर कॅमपर्यंत पोहोचते आणि कोरडे सेकंद कमी करते.

उकाडा जास्त म्हणून ऑईल जास्त दाट हवे, ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. बाहेर ४५ अंश असोत की १५, थर्मोस्टॅट आणि ऑईल कूलर ठीक असतील तर चेंबरमधले ऑईल साधारण ९० ते ११० अंशांतच राहते. इंजिनाला जाणवतो तो बेअरिंगच्या फटीतला दाटपणा, आणि तो १५० अंशांना, प्रचंड वेगाने घुसळत मोजला जातो. एचटीएचएस नावाच्या या मापात १५डब्ल्यू-४० ऑईलला किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद गाठावे लागतात. यापुढची दाटी थर थोडा जाड करते, पण पंपावरचा भार, इंधनाचा खप आणि सुरुवातीचा कोरडा काळ हेही वाढवते. रिंगा झिजल्यामुळे ऑईल खाणाऱ्या जुन्या इंजिनात दाट ऑईल घातल्यावर धूर कमी होतो हे खरे. झीज त्याने भरून निघत नाही. हाफ इंजिनचे, म्हणजे रिंगा-लायनर बदलण्याचे, काम थोडे लांबणीवर पडते.

एकाच आकड्याच्या, म्हणजे मोनोग्रेड ऑईलचे दिवस पूर्ण सरलेले नाहीत. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या संथ इंजिनात आजही अनेक ठिकाणी एसएई ३० किंवा ४० घातले जाते. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला सुरू झाली आणि शेतीच्या पंपामुळे डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. अशा इंजिनांना मोनोग्रेड चालते, कारण ती ठराविक वेगाने, ठराविक भारावर तासन्‌तास चालतात. टर्बो असलेल्या इंजिनाला ते चालत नाही. टर्बोचा शाफ्ट ट्रकमध्ये मिनिटाला लाखभर फेरे घेतो, त्याच्या बेअरिंगला चालू होताच ऑईल लागते. आणि घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केले तर तिथे अडकलेले ऑईल जळून कोळसा होते. दोन-तीन मिनिटे इंजिन रिकामे चालू ठेवण्याची जुन्या चालकांची रीत टर्बो वाचवणारी आहे.

दाटपणानंतर दर्जा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआयच्या पद्धतीत डिझेल ऑईलचा दर्जा सी या अक्षराने सुरू होतो : १९९० च्या सुमारास सीएफ-४, १९९८ मध्ये सीएच-४, २००२ मध्ये सीआय-४, २००६ मध्ये सीजे-४ आणि २०१६ च्या अखेरीस सीके-४. प्रत्येक पायरीमागे इंजिनात झालेला एखादा बदल आहे. सीआय-४ आले ते धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या ईजीआर व्यवस्थेमुळे. तिने धुरातला नायट्रोजन ऑक्साईड कमी केला, पण ऑईलमधली काजळी आणि आम्ल वाढवले. सीजे-४ आले ते धुराच्या वाटेत बसवलेल्या काजळी-गाळणीमुळे, म्हणजे डीपीएफमुळे. या दर्जांत साधारणपणे नवे ऑईल जुन्या इंजिनाला चालते. सीके-४ बरोबरच आलेले एफए-४ हे या नियमाला अपवाद आहे. इंधन वाचवण्यासाठी त्याचा एचटीएचएस मुद्दाम २.९ ते ३.२ एवढाच ठेवलेला असल्याने उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय ते कोणत्याही इंजिनात घालू नये.

भारतात या विषयाची घडी १ एप्रिल २०२० रोजी बदलली. त्या दिवशी देशभर वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि प्रत्येक पंपावरच्या डिझेलमधले गंधक दशलक्षात १० भागांवर आले. बीएस-३ च्या डिझेलमध्ये ते ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-४ मध्ये ५०. याचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही ऑईलच्या निवडीला थेट भिडणारे आहेत.

पहिला परिणाम आम्लाबाबतचा. ऑईलची आम्ल मारण्याची ताकद टीबीएन या आकड्याने मोजतात. गंधक जास्त असताना जास्त टीबीएनचे ऑईल ही सुरक्षिततेची खूण होती. आता विहिरीवरच्या वीस वर्षे जुन्या इंजिनालाही तेच १० भागांचे डिझेल मिळते, त्यामुळे टीबीएनचा आकडा पाहून ऑईल निवडण्याला पूर्वीचा अर्थ उरलेला नाही. आम्ल पूर्ण संपले असे मात्र नाही. नायट्रोजनची आम्ले आणि ऑईल स्वतः विटल्याने होणारी आम्ले राहतातच, म्हणून टीबीएन किती वेगाने घसरतो हे पाहणे अजून उपयोगाचे आहे.

दुसरा परिणाम राखेचा, आणि तो अधिक महागडा. ऑईलमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त हे धातू जळून नाहीसे होत नाहीत, त्यांची राख होते. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून टाकता येते. राख तिथेच साचते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ या दर्जांत राखेचे प्रमाण वजनाच्या एक टक्क्यावर, फॉस्फरसचे ०.१२ टक्क्यांवर बांधून दिले आहे. युरोपातल्या एसीईए पद्धतीत मोटारींसाठीच्या सी३ दर्जात राख ०.८ टक्क्यांच्या आतच लागते. बीएस-६ मोटारीत घरातला शिल्लक सीआय-४ चा डबा ओतला तर इंजिन लगेच बिघडत नाही, आवाजही बदलत नाही. पण गाळणी हळूहळू राखेने भरते आणि तिचा खर्च अनेक वर्षांच्या ऑईलच्या खर्चाहून मोठा असतो. जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरांना आणि त्याच वर्षाच्या जानेवारीपासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. शेतातल्या आणि सोसायटीतल्या इंजिनांसाठीही डब्यावरचा दर्जा वाचण्याची वेळ त्यामुळे आली आहे.

बाजारात मिळणाऱ्या जादा रसायनांच्या बाटल्यांबद्दल इथे एकच सांगायचे. ऑईलमधले डिटर्जंट आणि झेडडीडीपी धातूच्या त्याच पृष्ठभागासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात आणि कारखान्यात त्यांचा तोल चाचण्या घेऊन साधलेला असतो. वरून ओतलेली बाटली तो तोल बिघडवते.

आता बदलण्याची मुदत. जुन्या पंपांच्या इंजिनांत ती शे-दीडशे तासांची असे. ट्रॅक्टरांत पहिली सर्व्हिसिंग बहुधा ५० तासांना होते, कारण नव्या रिंगा आणि लायनर एकमेकांत बसताना सुटलेला धातू बाहेर काढायचा असतो. पुढे साधारण २५० तासांपासून मुदत सुरू होते. डिझेल मोटारींना दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी होईल ते. लांब पल्ल्याच्या आधुनिक ट्रकना मोठे चेंबर आणि चांगले ऑईल यांमुळे त्याच्या कित्येक पट. हे आकडे पुस्तिकेतून घ्यायचे, पण ते ज्या परिस्थितीसाठी छापले आहेत तीही तिथेच वाचायची. बहुतेक पुस्तिकांत धूळ, ओव्हरलोड, सतत छोटी अंतरे, लांब वेळ रिकामे चालणे यांसाठी निम्म्याच्या आसपासची वेगळी मुदत दिलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या प्रत्यक्षात त्या दुसऱ्या रकान्यात मोडतात.

किलोमीटर हे माप का फसवते, हे एका साध्या हिशेबाने कळते. महामार्गावर ताशी सरासरी ५० किलोमीटरने चालणारा ट्रक २५० तासांत १२,५०० किलोमीटर जातो. तोच ट्रक खाणीवर किंवा शहरातल्या बांधकामावर टिपर म्हणून ताशी १५ च्या सरासरीने चालला तर तेवढ्याच तासांत ३,७५० किलोमीटर होतात. रांगेत उभ्या ट्रकचे इंजिन चालू असते, मीटर थांबलेला असतो. याहून बरे माप म्हणजे जळलेले डिझेल. काजळी आणि आम्ल डिझेलमधूनच येतात, म्हणून ऑईलवर पडलेला भार बऱ्याच अंशी जळलेल्या लिटरांच्या प्रमाणात असतो. लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक २०,००० किलोमीटरमध्ये ५,००० लिटर जाळतो. अडीचच देणारा टिपर तेवढ्याच अंतरात ८,००० लिटर. दोघांना एकच मुदत लावणे चुकीचे आहे. ज्याच्याकडे डिझेलच्या पावत्या नीट ठेवलेल्या आहेत, त्याच्याकडे ऑईलची मुदत ठरवण्याचे चांगले साधन आधीच आहे.

कमी वापर म्हणजे ऑईलला आराम, असेही समजू नये. इंजिन पुरेसे तापण्याआधीच बंद झाले तर ऑईलमध्ये उतरलेली पाण्याची वाफ आणि डिझेल उडून जात नाही. सोसायटीचा जनरेटर आठवड्यातून पाच मिनिटे भाराशिवाय चालवून पाहण्याची पद्धत या दृष्टीने वाईट आहे. भार न मिळालेल्या इंजिनात रिंगा लायनरला घट्ट बसत नाहीत, लायनरवरच्या बारीक रेघा चकाकीखाली बुजतात आणि इंजिन ऑईल वर मारू लागते. डीपीएफ असलेल्या मोटारीची अडचण वेगळी. गाळणी जाळून साफ करताना अनेक गाड्यांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा फवारले जाते. त्यातले थोडे लायनरवरून चेंबरमध्ये उतरते. रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हे साफसफाईचे चक्र पुन्हा पुन्हा अर्धवट राहते आणि गेजवरची पातळी खाली जाण्याऐवजी चढते. ऑईल खात नाही म्हणून मालक समाधानी असतो. आत बेअरिंगमधला थर पातळ होत असतो. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर ऑईल बदलावे, मुदत शिल्लक असली तरी.

झिजेच्या कारणांत भारतीय परिस्थितीत धुळीला पहिला मान द्यावा लागतो. धुळीतली सिलिका ओतीव लोखंडाच्या लायनरपेक्षा कठीण असते आणि तिचे पाच ते वीस मायक्रॉनचे कण ऑईलच्या थराच्या जाडीला नेमके अडकणारे असतात. कोणतेही ऑईल याला औषध नाही. बंदोबस्त हवा आत येते तिथेच करावा लागतो. अनेक ट्रॅक्टरांवर आजही ऑईल-बाथ पद्धतीचा एअर क्लीनर असतो. त्याची खालची वाटी क्लिप सोडवून काढली की वर काळपट ऑईल आणि तळाशी बोटभर चिखल दिसतो. रोटाव्हेटर किंवा मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज पाहावी लागते. चिखल खुणेपर्यंत चढला की हवा ऑईलमधून जाण्याऐवजी वरून निसटते आणि धूळ थेट आत जाते. वाटीत खुणेहून जास्त ऑईल भरले तर तेही हवेबरोबर ओढले जाऊन इंजिन बेभान पळू शकते. कागदी फिल्टरच्या गाड्यांत धोका बहुधा फिल्टरमध्ये नसून त्याच्या पुढच्या रबरी नळीत असतो. नळीला पडलेली चीर किंवा सैल क्लॅम्प काही आठवड्यांत रिंगा खाऊन टाकतो. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झटकण्याची घाईही त्याच्या कागदाला न दिसणारी भोके पाडते.

धूळ आत जाते आहे हे वेळेवर कळायचे तर ऑईलची प्रयोगशाळेत तपासणी हा मार्ग आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न रेल्वेने वापरलेल्या ऑईलच्या वर्णपटावरून इंजिनाचे दुखणे ओळखायला सुरुवात केली. पुढे भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही पद्धत रुजली. अहवालातले आकडे एकटे वाचायचे नसतात. लोखंड आणि क्रोमियम वाढले आणि जोडीला सिलिकॉनही वाढले, तर धूळ शिरून रिंगा-लायनर झिजत आहेत. शिसे, कथील आणि तांबे एकदम चढले तर बेअरिंगकडे पाहावे. नुसते तांबे ऑईल कूलरमधूनही येते. सोडियम आणि पोटॅशियम दिसले तर कूलंट गळत असण्याची शक्यता मोठी, आणि कोकणातल्या मासेमारी बोटींच्या इंजिनात समुद्राचे पाणीही. टीबीएन नव्या ऑईलच्या निम्म्यावर आला, दाटपणा मूळ पट्ट्याबाहेर गेला, किंवा डिझेलचे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर गेले, की मुदत संपली असे साधारणपणे धरतात. एका अहवालापेक्षा एकाच इंजिनाचे सलग तीन-चार अहवाल खूप जास्त बोलतात. दहा ट्रक असलेल्या मालकाला हा खर्च सहज परवडतो. मुदत वाढवायची असेल तर अशा अहवालांच्या आधारावरच वाढवावी. महागडे सिंथेटिक ऑईल घातले म्हणून अंदाजाने नव्हे.

प्रत्यक्ष बदलताना इंजिन गरम असावे, म्हणजे काजळी आणि कण ऑईलबरोबर तरंगत असतानाच बाहेर पडतात. गाडी सपाटीवर हवी. ड्रेन प्लग सोडल्यावर धार थांबली की घाई न करता शेवटचे थेंब गळू द्यावेत, कारण तळाचा भाग सर्वांत घाण असतो. प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणे नेहमीचे. चमकदार कपच्या दिसल्या तर नवे ऑईल भरण्याआधी थांबावे. तांब्याचा वॉशर नवा घालावा. फिल्टर दर वेळी बदलावा. जुना फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळता थेट बेअरिंगकडे जाते. इंजिनाला न गाळलेले ऑईल चालून जाते, अजिबात न मिळालेले चालत नाही, या हिशेबाने ती सोय ठेवलेली असते. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला ऑईलचे बोट लावावे, इंजिन सुरू करून दाबाचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नये आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी गेज पाहावे. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑईल क्रँकशाफ्ट घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाला भार उचलता येत नाही.

बॅरलने ऑईल घेणाऱ्यांनी पावसाळा ध्यानात ठेवायला हवा. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या माथ्यावर पाणी साचते. दिवसा तापलेले बॅरल रात्री गार झाले की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी थोडे थोडे आत ओढले जाते. बॅरल आडवे ठेवावे, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी यावीत, म्हणजे ती ऑईलच्या पातळीखाली राहतात आणि हवा-पाणी ओढू शकत नाहीत.

काढलेले काळे ऑईल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची, कुंपणाच्या खांबांना लावण्याची किंवा सरळ नाल्यात ओतण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्यात जड धातू आणि जळणातून आलेली घातक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन संयुगे असतात. कातडीवरून आणि जमिनीतून ती पुढे जातात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असे ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते, आणि एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होण्याची जबाबदारी नवे ऑईल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली गेली आहे. त्यात अर्थकारणही आहे. वापरात खर्ची पडतात ती प्रामुख्याने रसायने. मूळ तेल बरेचसे शाबूत राहते. पाणी आणि डिझेल उडवून, निर्वात ऊर्ध्वपातन करून, हायड्रोजनने शुद्ध केल्यावर ते पुन्हा मूळ तेल म्हणून वापरता येते, आणि त्यापासून बनवलेले ऑईल त्याच एपीआय चाचण्या उत्तीर्ण होत असेल तर इंजिनाच्या दृष्टीने ते नव्या ऑईलच्या बरोबरीचे असते.